मुंबईच्या जाझचे एक साधन

तंतुवाद्यांचा जाझवृंद म्हटला की पॅरिस येथील १९३४ चे जँगो राइनहार्ट व स्तेफान ग्रापेली यांचे पंचक आठवते: एक व्हायोलिन, तीन गिटारी, एक डबल बास, ढोल नाही, तुतारी नाही. पुढल्याच वर्षी लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला मोठा ताफा घेऊन मुंबईस ताजमहाल हॉटेलात आला. गोमंतकीय वादकांस व्हायोलिन व स्वरलेखन चर्चच्या शाळांतून बालपणीच अवगत असे. त्यामुळे ही नवी विद्या त्यांस सुलभ झाली. तथापि लिखित पानावर मूळ चाल तेवढी सापडते. आयत्या वेळचा स्वरविस्तार ग्रामोफोनच्या तबकडीतच राहतो. सबब पोथीसंग्राहकांनी जुन्या बाजारातील लाखी तबकडी भंगारात जाऊ देऊ नये. लेबलालगत कोरलेला साच्याचा अंक ही तिची पुष्पिकाच होय.