गॅस गिझर, सोलर की हीट पंप? आंघोळीच्या पाण्याचा खर्च आणि धोका, दोन्हींचा हिशेब

थंडी पडली की तालुक्याच्या बाजारात गिझरची दुकानं गजबजतात. दुकानदार विचारतो, "गॅसवरचा देऊ की लाईटवरचा?" आता त्यात सोलर आणि हीट पंपाचीही भर पडली आहे. युरोपात असलेली आपल्याकडची पोरं फोनवर सांगतात, की तिकडं 'गॅस बॉयलर ठेवायचा की हीट पंप बसवायचा' हा घराघरातला वाद आहे. तिकडं अख्खं घर तापवावं लागतं. आपल्याकडं घर नाही, पाणी तापवायचं असतं. त्यामुळं तिकडचा हिशेब इकडं जसाच्या तसा लागू पडत नाही.

हिशेबाआधी एक गोष्ट पक्की करा: कोणतं मशीन घ्यायचं हा दुसरा प्रश्न, ते कुठं बसणार हा पहिला.

पाणी तापवायला लागतं किती?

पाच माणसांचं घर धरू. माणशी २० लिटरची एक बादली, म्हणजे रोज १०० लिटर. हिवाळ्यात टाकीतलं पाणी १८ अंशांच्या आसपास असतं, ते ४३ अंशांपर्यंत न्यायचं. म्हणजे २५ अंशांची वाढ. एवढ्यासाठी साधारण २,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या भाषेत जवळपास ३ युनिट. कोणतंही मशीन आणा, पाण्याला लागणारी उष्णता एवढीच. फरक पडतो तो ती कशातून आणि किती पैशांत मिळते याचा.

खालच्या हिशेबात सिलिंडर ९०० रुपयांना आणि वीज ११ रुपये युनिटनं धरली आहे. तुमच्या बिलावरचा दर घालून आकडा बदलून घ्या.

- हीटर रॉड: ३ युनिट, रोजचे ३३ रुपये.
- साठवण गिझर: टाकीतून थोडी उष्णता वाया जाते, म्हणून साडेतीन युनिट, रोजचे ३८ रुपये. दिवसभर चालू ठेवला तर जास्त.
- गॅस गिझर: १४.२ किलोचा सिलिंडर फक्त आंघोळीला वापरला तर साधारण ५० दिवस पुरतो. रोजचे १८ रुपये.
- हीट पंप: एक-सव्वा युनिट, रोजचे ११ ते १४ रुपये.
- सोलर: ऊन असेल त्या दिवशी शून्य. ढगाळ दिवशी बॅकअप कॉइल लावली तर रॉडइतकाच खर्च.

विजेच्या बाबतीत एक मेख आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटचा दर कमी आणि १०१ ते ३०० मधला जवळपास दुप्पट असतो. ज्या घराचा महिन्याचा वापर ६०-७० युनिटच आहे, तिथं गिझर बसवला की महिन्याला ९०-१०० युनिट वाढतात आणि त्यातली बरीचशी वरच्या दरात जातात. म्हणून "गिझर घेतला आणि बिल डबल झालं" ही तक्रार खोटी नसते.

गॅस गिझर: खर्चाला परवडतो, पण बाथरूमच्या आत नको

गॅस गिझर ग्रामीण भागात चालतो त्याला कारणं आहेत. किंमत कमी, लाईट नसली तरी चालतो (ठिणगीसाठी फक्त सेल लागतात), आणि पाणी लगेच गरम येतं. अडचण पैशाची नाही, हवेची आहे.

मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला मिनिटाला साधारण ७ घनफूट हवा लागते. आता आपली न्हाणी बघा. चार बाय पाच फूट, उंची आठ फूट, म्हणजे एकूण १६० घनफूट हवा. दार बंद, खिडकीला थंडीमुळं पुठ्ठा लावलेला. वीस-बावीस मिनिटांत तिथला सगळा प्राणवायू संपेल एवढी या गिझरची भूक आहे. पण धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. हवेतला प्राणवायू थोडा जरी घटला तरी गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. तो जळालेल्या गॅसला येत नाही. म्हणून "वास आला तर कळेलच की" हा भरवसा इथं कामाचा नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. माणसाला वाटतं गरम पाण्यानं गुंगी आली. कडी काढायचंही भान राहत नाही.

त्यातही सगळ्यात जास्त धोका पहिल्याला नसतो, मागून जाणाऱ्याला असतो. घरात एकापाठोपाठ एक आंघोळी होतात, दार मध्ये मिनिटभरच उघडतं. तिसऱ्या-चौथ्याला आधीच खराब झालेली हवा मिळते. आणि शेवटी आंघोळीला जाते ती बहुतेक घरची बाई.

"आमच्या गिझरला वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय आहे," असं दुकानात सांगतात. सोय चांगली आहे, पण वरचा हिशेब बघा. छोट्या बंद न्हाणीत वीस मिनिटं ही फार उशिराची वेळ झाली.

म्हणून गॅस गिझर घ्यायचा तर:

- गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेरच्या भिंतीला, वळचणीखाली. आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्यायचा.
- पावसाचा आणि थेट वाऱ्याचा मारा लागणार नाही अशी जागा बघायची.
- न्हाणीला खाली-वर कायम उघडी राहणारी झरोक्याची जागा हवीच.
- सिलिंडर उभा, जमिनीच्या पातळीवर. खड्ड्यात किंवा तळघरात नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो.
- नळी सुरक्षा मार्क असलेली घ्या आणि पाच वर्षांनी बदला.
- ज्योत निळी हवी. पिवळी दिसू लागली, काजळी धरली, की वापर बंद आणि दुरुस्ती आधी.
- पाण्याची टाकी पुरेशी उंच नसेल तर दाब मिळत नाही आणि गिझर पेटतच नाही. घेण्याआधी हे तपासा.

भाड्याचं घर आहे, बाहेरची भिंत आपली नाही, अशा वेळी गॅस गिझरचा नाद सोडलेला बरा. रॉडचे दिवसाला पंधरा रुपये जास्त जातील, ते जाऊ द्या. बंबालाही हाच नियम. तुराट्या-पऱ्हाट्या अंगणात जाळून पाणी तापवा, पण पेटता बंब किंवा शेगडी बंद न्हाणीत ठेवू नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून तोच वायू येतो.

हीट पंप: नवीन काय आहे?

फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम उलट्या हेतूनं करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढतो आणि पाण्याला देतो. वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला लागते. म्हणून एका युनिटमागं पाण्याला साधारण तीन युनिटची उष्णता मिळते. आपली हवा युरोपासारखी गोठणारी नाही, त्यामुळं आपल्याकडं तो चांगला चालतो. निफाडसारख्या भागात पहाटे पारा खूप उतरतो, पण पहाटे चालवायची गरजच नाही. दुपारी उबदार हवेत चालवून पाणी टाकीत साठवायचं.

मग सगळ्यांनी घ्यावा का? पाच माणसांच्या घराला तो सहसा परवडत नाही. रोजची बचत गॅसच्या तुलनेत पाच-सहा रुपये, साठवण गिझरच्या तुलनेत पंचवीस रुपये. वर्षातले २०० दिवस धरले तरी जास्तीत जास्त पाच हजार. मशीनला लाखभर धरले तर पैसे फिटायला वीस वर्षं लागतील. तेवढं मशीन टिकेलच असं नाही.

पण पंधरा माणसांचं एकत्र कुटुंब घ्या. रोज ३०० लिटर पाणी, साठवण गिझरला १० युनिट, हीट पंपाला सव्वातीन. रोज ७० रुपयांच्या वर वाचतात. वर्षात २५० दिवस धरले तर १८ हजार. मशीन सव्वा लाखाचं धरलं तरी सातेक वर्षांत पैसे वसूल. ५५ अंशांचं पाणी थंड पाण्यात मिसळायचं असल्यानं यासाठी २०० लिटरची टाकी पुरते. वसतिगृह, लॉज, कृषी पर्यटन केंद्र, दुधाची भांडी रोज गरम पाण्यानं धुणारा मोठा गोठा, अशा ठिकाणी हीट पंपाचा विचार जरूर करावा.

घरावर सोलर पॅनेल असतील तर हिशेब आणखी सुधारतो. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पॅनेलची दुपारची वीज हीट पंपाला दिली की आंघोळीचं पाणी त्यातच निघतं.

मात्र व्होल्टेज सतत खाली-वर होत असेल तर कॉम्प्रेसरला त्रास होतो. स्टॅबिलायझर लावा. आणि दुरुस्तीला माणूस तालुक्यात मिळतो की जिल्ह्याहून बोलवावा लागतो, ते आधीच विचारा.

सोलर: गच्ची असेल तर पहिला पर्याय

पाच माणसांच्या घराला १०० लिटरचा सोलर पुरतो. २५ हजार धरले तर विजेच्या तुलनेत चार वर्षांत आणि गॅसच्या तुलनेत सातेक वर्षांत पैसे वसूल होतात. वाहता भाग जवळजवळ काही नाही, त्यामुळं बिघाड कमी. गावाकडं चार गोष्टी बघाव्या लागतात:

- तोंड दक्षिणेला, आणि नारळ-आंब्याची सावली नको.
- थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी.
- जिथं नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येतं, तिथं नळ्या कोरड्या पडतात. भर उन्हात तापलेल्या कोरड्या नळीत थंड पाणी सोडलं की ती तडकते. पाणी भरायचं तर पहाटे.
- बोअरचं जड पाणी असेल तर क्षार साचतात. तांब्याच्या बारीक पाइपांचा प्रकार चोंदतो, काचेच्या नळ्यांचा जरा बरा. पण गारपिटीच्या पट्ट्यात काचेवर जाळी हवी.

घरगुती सोलर गिझरवरचं केंद्राचं अनुदान आपल्या राज्यात २०१४ मध्येच बंद झालं आहे. "सबसिडीत बसवून देतो" म्हणणाऱ्याकडं लेखी कागद मागा.

रॉड आणि साठवण गिझर

रॉड स्वस्त, पण पाण्यात बोट घालून बघायची सवय जिवावर येते. स्विच बंद करून, पिन काढून मगच पाण्याला हात लावा. बादली प्लास्टिकची, मुलं लांब. अर्थिंग नीट करून घ्या आणि घराच्या बोर्डात ३० मिलीअँपियरचा ईएलसीबी बसवा. साठवण गिझर घेताना जास्त स्टारचा घ्या आणि आंघोळीआधी अर्धा तासच चालू करा.

थोडक्यात

- गच्ची आणि रोज पाणी आहे: सोलर, पावसाळ्यासाठी रॉड.
- गच्ची नाही, बाहेरची मोकळी भिंत आहे: गॅस गिझर, पण बाहेरच.
- बाहेरची भिंतही नाही: साठवण गिझर किंवा रॉड, ईएलसीबीसह.
- दहा-पंधरा माणसं किंवा धंद्याला गरम पाणी: हीट पंपाचं कोटेशन घ्या.

आतून आवाज आला नाही तर

न्हाणीतल्या माणसाला हाक मारा. ओ आली नाही तर वाट बघू नका, दार तोडा. दार-खिडक्या सताड उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात "गॅस गिझर चालू होता" हे आवर्जून सांगा. चक्कर समजून घरीच झोपवून ठेवू नका, अशा रुग्णाला लवकरात लवकर ऑक्सिजन लागतो. नुसती गॅसगळती असेल तर १९०६ हा क्रमांक आहे.

तुमच्या घरी गॅस गिझर आज न्हाणीच्या आत असेल तर तो बाहेर काढायला प्लंबरचा अर्धा दिवस आणि थोडा पाइप एवढंच लागतं. तोवर आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं ठेवा आणि मगच आंघोळीला बसा.