संसारातले पावित्र्य : टिळक दांपत्याच्या निमित्ताने

उज्जयिनीस येणारा यात्रेकरू महाकालेश्वराचे दर्शन घेतल्यावर बहुधा क्षिप्रेच्या काठाने भर्तृहरीच्या गुंफेकडे वळतो. शाळेतील मुलांस आम्हीही तेथे नेतो, आणि राज्य टाकून वैरागी झालेल्या राजाची कथा सांगतो. मुलांस ती आवडते. परंतु इत्सिंग नावाचा जो चिनी भिक्षू सातव्या शतकात भारतात आला, त्याने भर्तृहरी नावाच्या पंडिताविषयी एक वेगळीच हकीकत लिहून ठेवली आहे. हा पंडित सात वेळा विहारात गेला आणि सात वेळा संसारात परतला! वैयाकरण भर्तृहरी आणि गुंफेतला राजा एकच की काय, याविषयी विद्वानांत एकमत नाही. तो वाद येथे नको. आम्हांस राजाच्या एका त्यागापेक्षा पंडिताच्या सात येरझारा अधिक खऱ्या वाटतात, एवढेच सांगावयाचे आहे.

कारण मोहाशी माणसाची गाठ एकदा पडून सुटत नाही. आणि ज्याला विहारही नाही, गुंफाही नाही, ज्याने चूल, मुलेबाळे आणि पगार यांच्यामध्येच राहून पवित्र व्हावयाचे, त्याची गोष्ट तर आणखी अवघड. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर पुष्कळ काही हाती लागते. आम्ही ख्रिस्ती नव्हे. परंतु मराठी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यास हा इतिहास परका राहू शकत नाही. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोमंतकात छापले गेले. त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्यांतून ख्रिस्ताची कथा मराठी कानांस परिचित अशा पुराणाच्या थाटात अवतरली. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी व त्यांच्या पंडितांनी बायबल मराठीत आणले, तेव्हा ख्रिस्ताने शिकविलेल्या प्रार्थनेत मोहाच्या ठिकाणी 'परीक्षा' हा शब्द आला. आम्हां शाळामास्तरांस त्याची गंमत वाटते. परीक्षा टळावी अशी प्रार्थना आमचे विद्यार्थीही करीतच असतात! पण शब्द विचारपूर्वक पाहिला तर मार्मिक आहे. मोह म्हटला की मन भुलले, एवढेच कळते. परीक्षा म्हटली की आत काय आहे ते बाहेर पडते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची अशी परीक्षा अनेक वेळा झाली. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन कुळात जन्म. 1893 च्या सुमारास आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाची भेट आणि त्याने दिलेले बायबल. त्यातील गिरिप्रवचनाने मनाची घेतलेली पकड. आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा. हा तपशील बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. त्यापुढचा प्रवास अधिक बोधक आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने टिळकांचा स्वभाव धुऊन निघाला नाही. ते अतिशय तापट होते. राग आला की मागेपुढे पाहत नसत आणि तो ओसरला की पश्चात्तापाने विरघळून जात. कोणास न सांगता घर सोडून जाण्याची त्यांची खोड जुनीच होती. हाती आलेला पैसा घरापर्यंत पोहोचेलच असा भरवसा नसे. हे सारे आपणांस कळते ते त्यांच्या पत्नीच्या लेखणीतून, आणि ती लेखणी पतीवर अपार प्रेम करणारी असूनही त्याचे एकही वैगुण्य झाकीत नाही. मराठीतील संतचरित्रांस ही सवय नव्हती. चरित्रनायक जन्मतःच निर्दोष ठरविला की त्याच्या साधनेस अर्थ राहत नाही, हे आमच्या चरित्रकारांच्या ध्यानी क्वचितच आले.

त्या काळी धर्मांतर केलेल्या प्रत्येकावर एक आरोप ठरलेला असे : हा पोटासाठी बाटला. बाबा पदमनजी 1854 साली ख्रिस्ती झाले, त्यांच्यासारखा व्यासंगी लेखकही लोकनिंदेतून सुटला नाही. टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत नगरास राहिले, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक झाले, कवी म्हणून सर्व महाराष्ट्रात मान्यता पावले. परंतु मिशनचे वेतन आणि ख्रिस्ताची सेवा यांची सांगड त्यांच्या मनास उत्तरोत्तर बोचू लागली. अखेर 1917 साली त्यांनी मिशनचा आश्रय सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्याचे कार्य आरंभिले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी कल्पना होती. वय छप्पन्नाचे, प्रकृती ढासळलेली. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, त्यांचे निधन झाले आणि दरबार बहुतांशी कल्पनेतच राहिला. कार्य फसले असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. परंतु वेतनाचा मोह हा पापासारखा दिसत नाही, कर्तव्यासारखा दिसतो; म्हणूनच तो ओळखणे कठीण. पेन्शनीकडे डोळे लावून बसलेल्या आमच्यासारख्यांस ते चांगले समजते.

लक्ष्मीबाईंची परीक्षा मात्र निराळ्या जागी झाली. त्यांच्या वडिलांस सोवळ्याचे विलक्षण वेड. बाजारातून आलेले धान्यच काय, मीठसाखरही धुऊन घ्यावयाची असा त्यांचा दंडक. अशा घरात पावित्र्य म्हणजे काय, हे मुलीस शिकवावे लागत नाही. ते तिच्या हाडीमांसी खिळते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ती काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिली, नंतर मुलासह त्याच्या आसऱ्याने राहू लागली, तरी आपली चूल वेगळी ठेवून. टिळकांनी सक्ती केली नाही. पुढे एके दिवशी विचार करता करताच त्यांच्या मनाने घेतले की हा जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला आहे. आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्यांना प्रतिबंध उरला नाही. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे प्लेगच्या दिवसांत, लोक आपल्या माणसांसही सोडून पळत असता, त्यांनी रोग्यांची सेवा केली. ज्या घराण्यात मिठाचाही विटाळ मानला जात असे, त्या घराण्यातील लेकीने हे करावे! पवित्र या शब्दाचा अर्थ एका बाईच्या आयुष्यात केवढा पालटला, हे दाखविणारे दुसरे इतके ठसठशीत उदाहरण आमच्या वाचनात नाही.

त्यांच्या घरी परक्या मुलांची नेहमीच वर्दळ असे. बालकवी ठोमरे हेही काही काळ त्यांच्याच छायेत राहिले. पंगतीत एखादे पान वाढले म्हणजे शिधा कोठून येणार, हा प्रश्न कवीचा नव्हता, कवीच्या पत्नीचा होता. टिळकांनी वेतन सोडले तेव्हाही त्यागाचा मोठा वाटा कोणी उचलला, हे चरित्रे लिहिणाऱ्यांनी फारसे विचारलेले नाही. टिळकांविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्हांस असे वाटते की, भगवी कफनी घालणाऱ्यापेक्षा त्याच्यामागे चूल पेटती ठेवणारीची साधना खडतर होती. आणि तिने ती हसत केली. 'स्मृतिचित्रे' चार भागांत 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झाली, आणि 1936 च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई निवर्तल्या. विवाहाच्या वेळी ज्या मुलीस अक्षरओळखही नव्हती, तिने पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही हाती घेऊन त्यातील बहुतांश अध्याय स्वतः रचले. टिळकांनी दहा-अकरा अध्यायच लिहिले होते.