करवीरच्या मुद्रा आणि संगणकातली खासगी किल्ली

संगणक बदलायची वेळ आली की फोटो, पत्रे आणि हिशेब नव्या यंत्रावर जातात. काही जणांच्या बाबतीत त्यांच्याबरोबर एक लहानशी फाईलही जाते. तिच्यात त्या माणसाची खासगी गुप्त किल्ली असते. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये जोडकिल्ल्यांची कल्पना मांडली. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी हा प्रोग्राम काढून ती सामान्य माणसाच्या संगणकावर आणली आणि १९९९ मध्ये जीएनयूपीजीची पहिली पूर्ण आवृत्ती सर्वांसाठी मोफत खुली झाली. जोडीतली एक किल्ली जगाला वाटायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. वाटलेल्या किल्लीने कोणीही आपल्यासाठी मजकूर कुलूपबंद करू शकतो, पण तो उघडतो फक्त जवळच्या किल्लीने. आपली सहीही तिनेच होते. म्हणून ती एका यंत्रातून दुसऱ्यात नेणे हा मोठ्या जोखमीचा क्षण असतो. वाटेतल्या पेनड्राइव्हवर, मेलमध्ये किंवा विकलेल्या लॅपटॉपच्या डिस्कवर तिची एक प्रत मागे राहिली आणि ती कोणाच्या हाती पडली, तरी मालकाला पत्ता लागत नाही, कारण त्याच्याजवळची फाईल जिथल्या तिथेच असते. नव्या काळातला वाटणारा हा प्रश्न मराठी राज्यकारभाराने, विशेषतः पन्हाळा आणि करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीने, फार पूर्वी सोडवायला घेतला होता. त्या अनुभवातून निघणारे उत्तर आजच्या नेहमीच्या सवयीच्या उलट आहे. खूण हलवू नये, नवी करावी, आणि ती नवी झाल्याचे लोकांना तपासता येईल अशी नोंद ठेवावी, असे ते उत्तर आहे.

आधी शिक्क्याचे काम कसे चाले ते पाहिले पाहिजे. छत्रपतींच्या पत्रावर राजाची स्वाक्षरी नसे. माथ्याला मुख्य मुद्रा आणि मजकूर संपला की मर्यादेची मुद्रा, म्हणजे मोर्तब, उमटे. या दोहोंच्या मध्ये जे लिहिले तेवढेच राजाचे, त्याच्या खाली कोणी ओळ घातली तर ती राजाची नव्हे. लांब पत्र अनेक कागद एकाखाली एक चिकटवून केलेले असे आणि सांध्यांवर पाठीमागून शिक्का उमटवीत, म्हणजे मधला एखादा बंद काढून दुसरा घुसवता येऊ नये. पत्र दप्तरात नोंदवले गेल्याची खूण शेवटी येई. ही व्यवस्था बारकाईने पाहिली तर तिच्यात दोन वेगळी कामे दिसतात. मजकुरात फेरफार झालेला नाही हे शिक्का सांगतो. असे पत्र खरोखरच सुटले होते हे दप्तर सांगते. आजच्या डिजिटल सहीला हीच दोन कामे करावी लागतात. पहिले गणित करते. दुसऱ्यासाठी माणसांनी चालवलेली नोंदवहीच लागते.

आता राजा बदलल्यावर काय होई? शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पत्राचा मायना बदलला, पण मुद्रा आपली तीच ठेवली, कारण माणूस तोच होता. संभाजी महाराजांची मुद्रा मात्र वेगळी आणि राजाराम महाराजांची आणखी वेगळी. वडिलांचा शिक्का घेऊन मुलाने कारभार पुढे चालू केला असे झाले नाही. प्रधानांच्या शिक्क्यांची रीत याहून बोलकी आहे. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव येई आणि मग प्रधानाचे. बाळाजी विश्वनाथ आणि पहिले बाजीराव यांच्या शिक्क्यांत शाहू महाराजांचे नाव आहे. १७४९ मध्ये शाहू महाराज वारले, रामराजे गादीवर आले, आणि पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या शिक्क्यात राजाराम, म्हणजे याच रामराजांचे, नाव दिसते. धन्याची खूण बदलली की तिच्या आधारावर उभी असलेली चाकराची खूणही बदलायची, असा हा नेम. आज इंटरनेटवर एका प्रमाणपत्राचा भरवसा वरच्या प्रमाणपत्रावर उभा असतो आणि वरचे रद्द झाले की खालच्याची किंमत जाते. तीच साखळी इथे धातूवर कोरलेली होती, आणि ती कोरणाऱ्यांना तिचे महत्त्व नक्की ठाऊक होते.

या नेमाची खरी कसोटी लागली ती संकटात. एप्रिल १६८९ मध्ये राजाराम महाराज रायगडाबाहेर पडले आणि पन्हाळ्यावरून कर्नाटकात उतरून वर्ष सरायच्या आत जिंजीला पोचले. राज्याचा धनी दक्षिणेच्या टोकाला आणि राज्य सह्याद्रीत, अशी अवस्था १६९८ पर्यंत चालली. त्या काळात इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी ओढला. त्यांना हुकूमतपन्हा हा किताब आणि मोठे अधिकार मिळाले होते. इथली निवड लक्षात घ्यावी. धन्याच्या मुद्रेची जोडप्रत करून अमात्यांच्या हाती दिली नाही. अमात्यांनी आपल्या नावाने, आपल्याला दिलेल्या अधिकाराने कारभार केला. कोणते पत्र धन्याचे आणि कोणते मुखत्याराचे हे त्यामुळे ओळखता येत होते. एका माणसाची एकच किल्ली घरच्या संगणकावर, ऑफिसच्या संगणकावर आणि फोनवर ठेवण्यापेक्षा प्रत्येक यंत्राला मुख्य किल्लीने मान्य केलेली स्वतंत्र उपकिल्ली द्यावी, असे आजचे जाणकार सांगतात. त्यामागचा विचारही हाच आहे. एक उपकिल्ली गेली तर तेवढीच रद्द करता येते, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

पुढचा काळ याहून अवघड होता आणि तो सर्वस्वी कोल्हापूरचा आहे. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज वारले. त्यांच्या राणी ताराबाईंनी मुलगा शिवाजी यास गादीवर बसवून औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, खेडची लढाई त्यांनी जिंकली आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेतला. ताराबाई पन्हाळ्याला आल्या आणि करवीरची वेगळी गादी उभी राहिली. १७१४ मध्ये तिथेही पालट झाला. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले आणि राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचा मुलगा संभाजी गादीवर आला. याच संभाजी महाराजांच्या नावाने रामचंद्रपंतांचे आज्ञापत्र निघाले. आता गावच्या पाटलाच्या जागी उभे राहून विचार करावा. छत्रपती म्हणवणाऱ्या दोन गाद्यांच्या दोन मुद्रा एकाच मुलुखात फिरत आहेत. दोन्ही शिक्के खरे, दोन्ही कोरीव, दोन्ही सांध्यांवर नीट उमटलेले. खोट्या शिक्क्याची ही अडचणच नव्हती. कोणता शिक्का इथे चालतो, हे सांगणारे सर्वमान्य ठिकाण उरले नव्हते. म्हणून वतनदार नव्या धन्याकडून जुन्या हक्काचे नवे पत्र करून घेत, आणि घराण्यांच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गाठोड्यांत, एकाच वतनाच्या अनेक राजवटींच्या सनदा साठत गेल्या. हा पेच सुटला तो १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने. वारणा ही हद्द ठरली आणि कोणत्या मुद्रेचा अंमल कुठवर हे लोकांना कळले. शिक्का जुनाच राहिला, त्याच्याभोवतीची जाहीर समजूत नवी झाली. नवी किल्ली करणे सोपे आहे, ती आपलीच आहे हे इतरांना पटवणे अवघड आहे, आणि त्यासाठी घेतलेले कष्ट वाया जात नाहीत, हे कोल्हापूरच्या इतिहासाने दाखवले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की शिक्क्यांची इतकी काटेकोर व्यवस्था असूनही बनावट सनदा निघतच होत्या. हे खरे आहे. पण त्या पकडल्या कशा गेल्या ते पाहावे. मुंबई इलाख्यात १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशन बसले तेव्हा सनदा पारखायला पेशवे दप्तराचा मोठा आधार घेतला गेला. कमिशनच्या हेतूंबद्दल लोकांत संताप होता आणि तो रास्त होता. शेकडो घराण्यांची उत्पन्ने त्यात गेली. तरीही पुराव्याच्या अंगाने त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. एकटा कागद, मग त्यावर कसाही शिक्का असो, शेवटी दप्तरातल्या नोंदीशी ताडला जातो. आक्षेपामुळे माझा मुद्दा ढासळत नाही, उलट बळकट होतो, कारण सुरक्षितता धातूच्या तुकड्यात नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शिक्का फक्त प्रमाण देतो, गुप्तता देत नाही. सहीची जुनी किल्ली टाकून नवी घेता येईल, पण गुप्ततेची जुनी किल्ली टाकली तर तिने कुलूपबंद केलेली दहा वर्षांची पत्रे कायमची बंद होतील. मग जुनी किल्ली नव्या यंत्रावर न्यावीच लागणार. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यामुळे नियमाला एक मर्यादा पडते. जुनी किल्ली जुने उघडण्यापुरती जपावी, नव्या व्यवहाराला वापरू नये. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा नेमके असेच घडले. मुद्रेचा अंमल संपला, त्या मुद्रेने नवा हुकूम सुटणे बंद झाले, पण दप्तर टिकले आणि त्यातला बराच भाग आज कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. मात्र ते कागद मोडी लिपीत आहेत. मोडी शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत ते कागद बहुतेक मराठी माणसांना बंद झाले. डॉ. आप्पासाहेब पवार यांनी संपादित केलेली ताराबाईकालीन कागदपत्रे शिवाजी विद्यापीठाने छापली, मा. वि. गुजर यांनी करवीर छत्रपती घराण्याची साधने प्रसिद्ध केली, म्हणून तेवढा भाग सर्वांना खुला झाला. उरलेले रुमाल मोडी वाचणाऱ्या थोड्या माणसांवर अवलंबून आहेत. उघडण्याचे साधन पुढच्या पिढीकडे पोचवले नाही तर नीट जपलेला कागदही कसा हरवतो, याचा हा ढळढळीत पुरावा आहे, आणि त्याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

आजच्या करवीर तालुक्यात हा सगळा विषय सातबाऱ्यावर येऊन ठेपतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळू लागला. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला, आणि त्याचे ४२ वे कलम खासगी किल्ली ताब्यात ठेवण्याची जबाबदारी तिच्या धारकावर टाकते. ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचा संशय आला तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला ताबडतोब कळवायला सांगते. पूर्वी ही किल्ली संगणकातच राहत असे आणि फाईल करून दुसरीकडे नेता येत असे. आता ती यूएसबी टोकनच्या आतच तयार होते आणि बाहेर काढता येत नाही. टोकन बिघडले की किल्ली संपली, मग नवे प्रमाणपत्र घ्यायचे. कंत्राटदार, सनदी लेखापाल आणि सरकारी कर्मचारी यांची याविरुद्ध तक्रार असते की खर्च वाढतो आणि ऐन निविदेच्या वेळी काम अडते. तक्रार खोटी नाही. पण पर्याय काय होता? ऑफिसातल्या कोणत्याही संगणकावर साहेबाच्या सहीची प्रत पडून राहणे, आणि कोणती सही साहेबाने केली हे त्यालाही न सांगता येणे. अडचण आणि हा धोका यांत अडचण पत्करणेच योग्य आहे. टोकन दुसऱ्याच्या हाती देऊन त्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ठेवण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी आहे, तिने मात्र सगळी व्यवस्था फुकट जाते.

म्हणून संगणक बदलताना जुन्या किल्लीची फाईल सहज उचलून नेऊ नका. नव्या यंत्रावर नवी किल्ली करा, जुन्या किल्लीने तिच्यावर सही करा, ज्यांच्याशी पत्रव्यवहार आहे त्यांना दोन्हींची ओळख पटवून द्या आणि मग जुनी रद्द झाल्याचे जाहीर करा. जुनी पत्रे उघडण्यासाठी तिची एक प्रत भक्कम परवलीच्या शब्दात बांधून, इंटरनेटला न जोडलेल्या ठिकाणी ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा.