जाहिरात खाते निलंबित झाले तर काय करावे? विहार समित्या, जयंती मंडळे आणि बौद्ध न्यूज पोर्टल्ससाठी माहिती

१४ एप्रिलच्या आधीचे दोन आठवडे, अशोक विजयादशमी आणि ६ डिसेंबर. विहार समित्या, जयंती मंडळे, पुस्तक विक्रेते, वधू-वर सूचक केंद्रे आणि आपली न्यूज पोर्टल्स फेसबुक व गुगलवरील जाहिरातींसाठी वर्गणीतला पैसा काढतात तो मुख्यतः याच दिवसांत. नेमक्या त्याच वेळी खाते निलंबित झाले, तर कार्यक्रम होऊन जातो आणि खाते नंतर सुरू होऊनही उपयोग नसतो.

खाते बंद झाले की कार्यकर्त्यांची पहिली प्रतिक्रिया असते : आपला आवाज दाबला. या शंकेमागे इतिहास आहे. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. तरीही खाते परत मिळवायचे असेल तर आधी कंपनीने दिलेले कारण शब्दशः वाचावे. पुष्कळदा ते विचारांशी संबंधित नसते. न भरलेले बिल, न जुळणारे नाव किंवा घाईत उघडलेले दुसरे खाते असे काहीतरी निघते. कारण वाचून झाल्यावरही अन्याय वाटला तर जरूर लढावे, पण तेव्हा हातात मुद्दा असतो.

नेमके काय बंद झाले?

एखादी जाहिरात नाकारली जाणे, जाहिरात देण्याचे खाते निलंबित होणे, ज्याच्या प्रोफाइलवरून खाते चालते त्या व्यक्तीवर निर्बंध येणे आणि वेबसाइटची कमाई ज्यातून येते ते ॲडसेन्स खाते बंद होणे, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीचे अपील वेगळ्या ठिकाणी करावे लागते. मेटाच्या बाबतीत बिझनेस सपोर्ट होम या पानावर लाल खूण कशासमोर आहे ते पाहावे. गुगल ॲड्समध्ये खाते उघडताच वरच्या पट्टीत कोणता नियम मोडला ते लिहिलेले असते आणि अपीलची लिंकही तिथेच असते. ॲडसेन्ससाठी पॉलिसी सेंटर पाहावे.

इथे एक धोक्याची सूचना. ‘तुमचे पेज २४ तासांत बंद होईल, खालील लिंकवर जा’ असे मेसेंजरवर किंवा ईमेलने आलेले संदेश बहुधा चोरांचे असतात. त्या लिंकवर पासवर्ड टाकला की पेज जाते आणि तुमच्या कार्डावर भलत्याच जाहिराती चालतात. मग खाते खरोखर निलंबित होते. संदेशातल्या लिंकवर कधीही जाऊ नये. ॲप स्वतः उघडून सूचना तपासावी.

दुसरे खाते उघडू नका

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ‘जाऊ द्या, दुसऱ्या मुलाच्या ईमेलवरून नवीन खाते काढू’ हा सल्ला मंडळात कोणीतरी देतोच. निलंबनानंतर नवीन खाते काढणे याला गुगल यंत्रणेला बगल देणे मानते. हा गंभीर भंगाच्या यादीतला प्रकार असल्याने पूर्वसूचना न देताही खाते बंद होते आणि संबंधित इतर खातीही त्यात ओढली जातात. मूळ कारण किरकोळ असले तरी आता हे मोठे कारण तयार झालेले असते. एकच कार्ड चार मंडळांच्या खात्यांना जोडलेले असेल, तर एकाची अडचण बाकी तिघांपर्यंत पोहोचू शकते.

धम्माच्या जाहिराती कुठे अडतात

मेटाचा एक नियम आपल्याला वारंवार लागू पडतो. वाचणाऱ्याचा धर्म, वंश, आजार, आर्थिक अडचण अशी वैयक्तिक बाब आम्हाला माहीत आहे, असे जाहिरातीने सुचवायचे नाही. म्हणून ‘तुम्ही बौद्ध आहात? लग्नासाठी स्थळ शोधताय?’ ही जाहिरात नाकारली जाते. ‘बौद्ध वधू-वर परिचय मेळावा, रविवारी सकाळी १० वाजता’ ही जाहिरात या नियमात बसते, कारण ती मेळाव्याबद्दल बोलते, वाचणाऱ्याबद्दल नाही. शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा वर्ग, व्यसनमुक्ती शिबिर यांच्या जाहिरातींतही ‘तुम्ही’ने सुरू होणारे प्रश्न टाळावेत. ऑनलाइन डेटिंग सेवेच्या जाहिरातीला तर मेटाची आधी लेखी परवानगी लागते, त्यामुळे वधू-वर केंद्राने आपली भाषा त्या वळणावर जाऊ देऊ नये.

धर्मावर आधारित प्रेक्षक निवडण्याचे पर्यायही राहिलेले नाहीत. धार्मिक आचरण, राजकीय विचार अशा संवेदनशील विषयांशी जोडलेले पर्याय मेटाने जानेवारी २०२२ पासून काढले. गुगलही धार्मिक श्रद्धेवरून व्यक्ती लक्ष्य करू देत नाही. जिल्हा, तालुका, भाषा आणि वय यांवर भागवावे लागते.

दुसरा नियम सामाजिक प्रश्नांचा. निवडणूक व राजकारणाबरोबरच नागरी व सामाजिक हक्क, शिक्षण, आरोग्य अशा विषयांवरील जाहिरातींसाठीही मेटा भारतात डिसेंबर २०२१ पासून पडताळणी मागते. आरक्षण, ॲट्रॉसिटी कायदा, शिष्यवृत्तीतील दिरंगाई यांवरची पोस्ट ‘बूस्ट’ केली की ती जाहिरातच होते. त्यासाठी पैसे कोणी दिले ते जाहिरातीवर छापावे लागते, आणि अशी जाहिरात ॲड लायब्ररीत सात वर्षे सर्वांना दिसते. पडताळणी करणारी व्यक्ती भारतात राहणारी हवी, तिच्याकडे सरकारी ओळखपत्र आणि टू-फॅक्टर सुरू असलेले खाते हवे. पेज चालवणारा भाऊ दुबईत किंवा लंडनमध्ये असेल, तर ही पडताळणी गावाकडच्या ॲडमिनने करावी. जयंतीची निव्वळ निमंत्रणपत्रिका आणि त्याच पत्रिकेत केलेली मागणी यांत यंत्र फरक करेलच असे नाही. मला विचाराल तर पडताळणी आधीच करून ठेवणे सोपे.

ॲडसेन्स : आपल्याच माणसांनी केलेले नुकसान

‘आपले पोर्टल जगवायचे असेल तर रोज दोन जाहिरातींवर क्लिक करा’ हा संदेश व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सद्भावनेने फिरतो आणि खाते घालवतो. असे क्लिक अवैध धरले जातात. कमाई कापली जाते, जाहिरातदारांना पैसे परत जातात, खाते ठरावीक काळासाठी निलंबित होते किंवा कायमचे बंद होते. वाचकांना मदत करायची असेल तर वर्गणी द्यायला सांगा. दुसरे म्हणजे, कमाई १० डॉलरला पोहोचल्यावर पोस्टाने पिन येतो आणि चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. वस्तीतल्या पत्त्यावर टपाल नीट पोहोचत नसेल तर कार्यालयाचा किंवा दुकानाचा पत्ता द्यावा.

अत्याचाराच्या बातम्यांचा प्रश्न खरा आहे आणि इथे मात्र आपली तक्रार रास्त असते. एफआयआरमधील जातिवाचक शिवी जशीच्या तशी छापली किंवा जखमांचा फोटो टाकला, तर यंत्राला ती बातमी आहे की द्वेष हे कळेलच असे नाही. बहुधा त्या एका पानावरच्या जाहिराती थांबतात. बातमी काढून टाकू नये. त्या पानावरून जाहिरातीचा कोड काढावा, किंवा फोटो बदलून पॉलिसी सेंटरमधून पुनर्तपासणी मागावी. पीडितांच्या कुटुंबाचा विचार केला तरी जखमांचे फोटो टाळणेच योग्य.

पैसे आणि कागद

रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणारी वसुली अनेकदा अडते. बिल थकते, जाहिराती थांबतात. शक्य असेल तिथे आधी पैसे भरून मग जाहिरात चालवण्याचा पर्याय निवडावा. कार्ड संस्थेच्या किंवा खातेधारकाच्या नावाचे असावे. खजिनदाराच्या मेहुण्याचे नको.

नावांची गफलतही नेहमीची. विहार, बुद्ध, बौद्ध यांचे इंग्रजी स्पेलिंग नोंदणी प्रमाणपत्रावर एक, पॅनवर दुसरे आणि बँक पासबुकावर तिसरे असते. पडताळणीत हेच अडते. ज्या कागदावरून पडताळणी करणार, त्यावरचे अक्षर न् अक्षर खात्यात टाकावे.

अपील कसे लिहावे

चूक दुरुस्त करूनच अपील करावे. एकामागून एक पाच अपिले पाठवून काम लवकर होत नाही. मजकूर असा असावा : ‘आमची नोंदणीकृत संस्था आहे. आम्ही धम्म शिबिराची जाहिरात देत होतो. बँकेने कार्ड नाकारल्यामुळे बिल थकले. आता पूर्ण रक्कम भरली आहे, पावती जोडली आहे.’ एवढे पुरे. हॅक झाले असेल तर कोणत्या तारखेपासून अनोळखी जाहिराती दिसल्या आणि पासवर्ड कधी बदलला ते लिहावे. भेदभावाचा संशय असेल, तर त्याच प्रकारच्या चालू असलेल्या इतर जाहिराती ॲड लायब्ररीत शोधून त्यांच्या लिंक द्याव्यात; तिथे शोध कोणालाही मोफत करता येतो. दरम्यान बँकेकडून रक्कम उलटवण्याची घाई करू नये, त्याने खाते आणखी संशयात येते.

जयंतीच्या जाहिरातीसाठी खाते मार्चच्या सुरुवातीलाच तपासावे, निदान दोन ॲडमिन ठेवावेत आणि १००-२०० रुपयांची छोटी जाहिरात चालवून पाहावी. अडथळा असेल तर तो तेव्हाच दिसतो, आणि अपीलच्या उत्तराची वाट पाहायला महिनाभर हातात राहतो.