बस्तरची काष्ठकला : घोटुलपासून दिवाणखान्यापर्यंत

छत्तीसगढमधील भिलाई हे शहर पोलादासाठी देशभर परिचित आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार येथे कारखाना उभारण्यात आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याला लागणारे लोहखनिज दक्षिणेकडील दल्ली-राजहराच्या खाणींतून येत आले आहे. त्याच दिशेने आणखी पुढे, कांकेर, नारायणपूर, कोंडागाव आणि जगदलपूरच्या पट्ट्यात, लाकूड कोरण्याची एक जुनी परंपरा नांदते. रायपूर, भिलाई, दुर्ग ही शहरे आज तिची जवळची बाजारपेठ आहेत.

बस्तरमधील कोरीव काम मुळात विक्रीसाठी नव्हते. मुरिया समाजात अविवाहित तरुण-तरुणींचे घोटुल ही सामाजिक शिक्षणाची संस्था होती. गडचिरोलीतील माडियांचे गोटुल मराठी वाचकांना ठाऊक आहेच. घोटुलचे खांब, दरवाजे, तंबाखूच्या डब्या यांवर नक्षी कोरली जाई. तरुणाने स्वतः कोरलेला लाकडी कंगवा तरुणीला देणे ही तर प्रीतीची जाहीर खूण असे. व्हेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या घोटुलविषयक ग्रंथात याची विस्ताराने नोंद केली आहे. माडिया समाजात मृतांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी खांब उभारीत. त्यांची जागा पुढे दगडी व सिमेंटच्या रंगविलेल्या स्मारकांनी घेतली. आंगादेव हे दैवतच लाकडी ओंडक्यांचे असते आणि भक्त ते खांद्यावर वाहून नेतात.

या परंपरेचे सर्वांत भव्य रूप जगदलपूरच्या दसऱ्यात दिसते. देवी दंतेश्वरीच्या या पंचाहत्तर दिवसांच्या उत्सवात रावणदहनाला स्थान नाही. मान असतो तो लाकडी रथाला. आपल्याकडे ज्या दिवशी दिव्याची अमावास्या असते, त्याच हरेली अमावास्येला रथासाठी आणलेल्या पहिल्या लाकडाची पूजा होते. रथबांधणीचे काम परंपरेने झार उमरगाव व बेडा उमरगाव येथील कारागिरांकडे आहे.

घराच्या सजावटीचे सामान हा या कलेचा अलीकडचा विस्तार होय. मुरियांचे नृत्य, गव्याच्या शिंगांचा मुकुट घातलेले नर्तक, बैलगाडी, शिकार, आठवडी बाजार ही दृश्ये प्रथम भिंतीवरील फळ्यांवर आली. नंतर खुर्च्यांच्या पाठी, सोफे, दरवाजे व आरशांच्या चौकटींवर. काम बहुतांशी सागवान, शिसव आणि शिवण या लाकडांत होते. फळीवर आकृती रेखाटून वाकस व पटाशीने नको असलेला भाग उतरविला जातो, बारीक छिन्नीने तपशील कोरले जातात आणि कानस व पॉलिशपेपरने घासून शेवटी पॉलिश चढते. एका मोठ्या फळीला कित्येक दिवस लागतात. ग्राहकाला मात्र ती यंत्रावर कापलेल्या फळीसारखीच दिसते, आणि भावाची घासाघीस तेथेच सुरू होते.

खरी अडचण लाकडाची आहे. सागवान नीट वाळलेले नसेल तर भिलाईच्या उन्हाळ्यात, कूलरची दमट हवा आणि दुपारचा कोरडा तडाखा यांच्या कात्रीत, फळीला भेगा पडतात आणि दोष कारागिराच्या माथी येतो. लाकूड वाळू देण्यासाठी ते विकत घेऊन महिनोन्महिने साठवावे लागते. त्यासाठी भांडवल हवे. शिवाय वनखात्याच्या आगारांत इमारती लाकडाचे ढीग लिलावाने विकले जातात. दोन-चार फळ्यांची गरज असलेल्या कारागिराला ही पद्धत ठेकेदाराएवढी सोयीची नाही. परवान्याविना जंगलातून सागवान आणणे हा तर गुन्हाच. ज्याच्या दारात जंगल, त्यालाच लाकूड दुर्मीळ, असा हा प्रकार आहे.

‘बस्तर काष्ठशिल्प’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामुळे इतरत्र तयार झालेला माल या नावाने विकणे बेकायदेशीर ठरते. परंतु कायद्याचा लाभ मागण्यासाठी कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि मानांकन म्हणजे काही लाकडाचा पुरवठा नव्हे. राज्याच्या हस्तशिल्प मंडळाची ‘शबरी’ विक्रीकेंद्रे हा थेट विक्रीचा एक मार्ग आहे.

अलीकडे या कलेची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली. लाकडात अक्षरे कोरणारे कांकेरचे अजयकुमार मांडवी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी कांकेरच्या तुरुंगातील बंद्यांना ही कला शिकविली असून त्यांत नक्षलवादी चळवळीतून आलेले तरुणही होते. नारायणपूर जिल्ह्यातील पंडीराम मंडावी यांना २०२५ मध्ये हा सन्मान जाहीर झाला. काष्ठशिल्पाबरोबरच हवेत फिरविताच वाजणारी ‘सुलूर’ ही बांबूची बासरी बनविण्यासाठी ते ओळखले जातात.

नारायणपूरच्या या मुलखालगतच रावघाटच्या डोंगररांगा आहेत. तेथील लोहखनिज भिलाईला आणण्यासाठी दल्ली-राजहरा ते रावघाट असा ९५ किलोमीटरचा लोहमार्ग आखण्यात आला. त्यावरील प्रवासी गाडी २०२२ मध्ये अंतागढपर्यंत पोहोचली.