गोबीत कोणी खुडूक बसलंय

पायाखालची वाळू तांबूस आहे, अजून रात्रीची गार. मंगोलियातल्या गोबीत, उखा तोलगोदला तुम्ही उभे आहात. पण साडेसात कोटी वर्षं मागे. समोरच्या टेकाडाच्या पायथ्याशी एमूएवढा कोणी बसलाय. बिनदाताची चोच, डोक्यावर तुरा, अंगभर पिसं. पक्षीच म्हणाल तुम्ही. मग पिसांतून बाहेर आलेल्या तीन लांब नख्या दिसतात. हा डायनोसॉर आहे, चितिपती. नाव संस्कृतातून घेतलेलं: चितेचा स्वामी.

हळू पुढे व्हा. तो उठणार नाही. खुडूक बसलेल्या कोंबडीजवळ कधी गेला असाल, तर ही नजर तुमच्या ओळखीची आहे.

लांबट अंडी जोडीजोडीने गोल रचलेली आहेत. मधली जागा रिकामी, आणि पाय दुमडून तो नेमका तिथेच बसलाय, म्हणून एवढ्या वजनाखालीही अंडी शाबूत आहेत. दोन्ही हात बाजूंना पसरलेत. हातांवरच्या पिसांनी कडेची अंडी झाकलीत. या पिसांनी त्याला उडता येत नाही. उडणारे पक्षी या काळात आहेतच. हा त्यांचा पूर्वज नव्हे, भाऊबंद. पण बसण्याची ही रीत दोघांकडेही आली ती त्याआधीच्या डायनोसॉरांकडून. कदाचित हा बाप असेल. एमूंमध्येही अंडी बापच उबवतो.

आभाळ भरून येतं. पाऊस कोसळतो, भिजून जड झालेला टेकाडाचा उतार सुटतो. ‘ऊठ, पळ!’ तुम्ही ओरडता. तो अंग आणखी खाली दाबतो.

१९२३ मध्ये याच वाळवंटात अशाच एकाचा सांगाडा अंड्यांवर सापडला. अंडी दुसऱ्याची समजून जीवाश्मशास्त्रज्ञ हेन्री ऑस्बर्न यांनी १९२४ मध्ये त्याला ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर, हे नाव दिलं. १९९३ मध्ये उखा तोलगोदला तसल्याच एका अंड्यात पिल्लाची हाडं मिळाली. पिल्लू याच कुळातलं होतं! सत्तर वर्षांचा आळ खोटा ठरला, नाव मात्र तेच राहिलं. मला ते अजून टोचतं.

त्याच वर्षी, त्याच ठिकाणी, तुमच्यासमोर ब्रशने वाळू झाडली जातेय. डोकं आणि मान झिजून गेलीय. हात अजून अंड्यांभोवती आहेत.