लहान मुलांना पोहायला केव्हा शिकवावे?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, की शहरांतील जलतरण तलावांवर प्रवेशासाठी पालकांची गर्दी होते. तीन-चार वर्षांच्या मुलाला आताच शिकवणी लावावी, की आणखी दोन वर्षे थांबावे, हा प्रश्न अनेकांना पडतो. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या आजोबांना त्याचे नवल वाटेल. पण तो प्रश्न गैरलागू नाही.

योग्य वय

चार वर्षांपूर्वी मुलाची शारीरिक तयारी झालेली नसते, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेची पूर्वीची भूमिका होती. २०१० मध्ये तिने ती बदलली. एक ते चार या वयातील शिक्षणानेही बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो, असे तिच्या २०१९ च्या धोरणात म्हटले आहे. एक वर्षाखालील बाळांबाबत मात्र असा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटना सहा वर्षांपुढील मुलांना पोहणे शिकवण्याची, तर त्याहून लहानांना पाण्यापासून दूर आणि देखरेखीखाली ठेवण्याची शिफारस करते.

काय शिकता येते?

चौथ्या वर्षी सफाईदार हात मारण्याची अपेक्षा ठेवू नये. हात, पाय आणि श्वास यांचा मेळ बहुधा पाचव्या-सहाव्या वर्षी जमतो. त्याआधी पाण्यात श्वास सोडणे, पाठीवर तरंगणे, वळून कठडा पकडणे आणि बाहेर येणे एवढे साधले, तरी शुल्क वाया गेले नाही असे समजावे.

तलाव निवडताना

तलावाचा तळ स्वच्छ दिसतो का, जीवरक्षक हजर असतो का, लहानांसाठी उथळ भाग आहे का आणि एका प्रशिक्षकाकडे किती मुले असतात, हे स्वतः पाहावे. क्लोरिनचा उग्र दर्प ही स्वच्छतेची खूण नव्हे. घाम व लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग झाल्यानेही तो येतो. मूल कुडकुडू लागल्यास लगेच बाहेर काढावे. फिट येणे, दमा किंवा कानाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रडणाऱ्या मुलाला पाण्यात ढकलू नये. भीती बसली, की पुढची वर्षे वाया जातात.

शिकले तरी सावध

२०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख जण बुडून मरण पावले. त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. रांगते बाळ तर अर्ध्या बादलीतही बुडू शकते. हवा भरलेल्या दंडपट्ट्या म्हणजे जीवरक्षक जाकीट नव्हे. शिवाय तलावात पोहणारे मूल गावची विहीर, नदीचा प्रवाह किंवा कोकणातील समुद्र यांत सुरक्षित असेलच असे नाही.

थोडक्यात, शिकवणी जरूर लावावी. चार वर्षांनंतर लावल्यास प्रगती अधिक वेगाने होते. मात्र मूल पाण्यात असेपर्यंत पालकांनी हाताच्या अंतरावर राहावे आणि मोबाइल पिशवीत ठेवावा. पोहता येणे हा देखरेखीला पर्याय नाही.